चुकार नाणी

अमेरिकेतल्या बँकेच्या खिडकीवर पाचशे डॉलर ठेवून त्यांची अर्ध्या डॉलरची नाणी मागितली, तर पुठ्ठ्याचं एक जड खोकं हातात येतं. आत कागदात गुंडाळलेल्या पन्नास पुंगळ्या आणि प्रत्येक पुंगळीत वीस नाणी. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ शनिवारी असं खोकं घरी आणतो, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरतो आणि पुंगळ्या फोडायला बसतो. नाण्यावरचा केनेडींचा चेहरा तो बघतही नाही. तो बघतो फक्त कडा. कडेवर तांबूस रेघ दिसली की नाणं डावीकडे सरकवायचं, कड अख्खी पांढरीफटक दिसली की हात थांबवायचा. सोमवारी उरलेली सगळी नाणी तो बँकेत भरून येतो, पण दुसऱ्या बँकेत. त्याच बँकेत भरली, तर पुढच्या शनिवारी आपलीच चाळलेली नाणी पुन्हा आपल्याच पदरात पडायची. वहिनींचं म्हणणं, हा रवा चाळण्यासारखाच उद्योग आहे, फक्त चाळून झाला की रवा दुकानदाराला परत द्यायचा.

पांढऱ्या कडेमागे एक तारीख आहे. २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. तोवर अमेरिकेचा डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) शंभरात नव्वद भाग चांदीचा होता. पुढे त्या दोन्हींतून चांदी पार गेली आणि आत तांबं, वर तांबं-निकेलचा पत्रा अशी नाणी आली. कडेची तांबूस रेघ ती हीच. अर्ध्या डॉलरमध्ये १९७० पर्यंत चाळीस टक्के चांदी टिकली. जुनी नाणी दडवून काही फायदा होणार नाही, सरकारकडे चांदी मुबलक आहे, असं जॉन्सन यांनी जनतेला बजावलं. जनतेनं ऐकून घेतलं आणि नाणी दडवली. थोड्याच वर्षांत चांदीचा क्वार्टर रोजच्या व्यवहारातून नाहीसा झाला.

नाहीसा झाला, पण संपला नाही. अमेरिकेनं या चांदीच्या नाण्यांचं चलनमूल्य कधी काढून घेतलंच नाही. १९६४चा क्वार्टर आजही कायद्यानं पंचवीस सेंट आहे. त्यामुळे आजोबांच्या बरणीतली नाणी नातू आइस्क्रीमवर उडवतो, चोर चोरीचा माल मोजणी यंत्रात ओततो, कुणाचं तरी घर आवरताना डबा थेट बँकेत जातो आणि चांदी पुन्हा वाहू लागते. अर्धा डॉलर तर दुकानात फारसा कुणी वापरत नाही. तो बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहतो, म्हणूनच भावाची पसंती त्याला. तसं तर १९४२ ते १९४५ या युद्धकाळातल्या पाच सेंटच्या नाण्यातही पस्तीस टक्के चांदी आहे. निकेल तेव्हा युद्धसामग्रीसाठी हवं होतं. मागच्या बाजूला, मॉन्टिसेलो या वास्तूच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर दिसलं, की ते नाणं त्या काळातलं.

आता आपल्याकडे या. पुण्यातल्या आमच्या किराणा दुकानदाराकडून नोटा देऊन सुट्टे घ्यायचे, घरी ते चाळायचे आणि बहुतेक सगळे त्यालाच परत द्यायचे, हा माझा उद्योग. चांदी त्यात सापडत नाही आणि सापडणारही नाही. ती का सापडत नाही, ही गोष्ट मात्र सापडण्यापेक्षा मोठी आहे.

१८३५ पासून कंपनी सरकारचा आणि पुढे राणीचा रुपया १८० ग्रेनचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. आपला तोळा तो हाच. रुपयाच वजन होता आणि वजनच रुपया. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि इथल्या लोकांनी नोटा घेऊन खिडक्यांवर रांगा लावल्या. साम्राज्य राहो न राहो, चांदी राहील, हा साधा हिशेब. रुपये हंड्यांत गेले, भिंतींत गेले, दागिन्यांत गेले. जूनमध्ये सरकारनं गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं गुन्हा ठरवलं, पाठोपाठ एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. निम्मी चांदी आणि उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त, असा हा चार धातूंचा रुपया. बनावट नाणी पाडणाऱ्यांना अडवायला त्याच्या कडेवर सुरक्षेची खाच आली.

पुढचं पाऊल अमेरिकेनं कधीच उचललं नाही, ते इथल्या सरकारनं उचललं. जुन्या चांदीच्या रुपयाचं चलनमूल्यच काढून घेतलं. १९४१ मध्ये व्हिक्टोरियाचे रुपये बाद झाले, १९४२ मध्ये सातव्या एडवर्डचे, १९४३ मध्ये पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे. युद्धात नाण्यांची टंचाई भागवायला भारतानं अमेरिकेकडून उसनवारी करारात सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी घेतली. आजच्या मापात सात हजार टन. ही उधारी पैशात फेडायची नव्हती, चांदीतच फेडायची होती. म्हणून १९४६-४७ मध्ये निकेलची नाणी आली आणि रुपयावर वाघ आला. चार धातूंची नाणी परत घेऊन त्यांच्यातली चांदी वितळवून वेगळी काढली गेली आणि पन्नाशीच्या दशकात ती अमेरिकेला रवाना झाली. माझ्या भावाच्या टेबलावरच्या एखाद्या क्वार्टरमध्ये मंगळवार पेठेतली पावली वितळलेली असेल काय, असा विचार माझ्या मनात येतो. पुराव्यानं सिद्ध करता येण्यासारखा तो नाही, पण सोडवतही नाही.

एकूण काय, अमेरिकेत चांदी लोकांनी खिशातून काढली. इथे लोकांनीही काढली आणि सरकारनंही काढली. उरलेली देवघरात बसली. स्वातंत्र्यानंतर १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं आलं. पंधरा ग्रॅमचं, ऐंशी टक्के चांदीचं. दर्शनी किमतीला मिळालं आणि मिळाल्या दिवशीच कपाटात गेलं. त्या नाण्यानं कुणी भाजी घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आज आपल्या खिशातला रुपया म्हणजे पोलाद. ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम. चुंबक लावलं की चिकटतं. धातूच्या भावामुळे नाणी इतकी मोलाची झाली होती, की २००७च्या सुमारास ती सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या कोलकात्याहून आल्या होत्या. २०११च्या नाणे कायद्यात नाणं वितळवणं किंवा तोडणं हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, तो उगाच नाही.

मग या पोलादात शोधायचं काय? पहिल्यांदा वर्षाच्या आकड्याखाली बघायचं. तिथे हिऱ्यासारखा चौकोनी ठिपका असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर उभी आहे, ग्रीक देवळासारखे खांब घेऊन. १८२०च्या दशकात कॅप्टन जॉन हॉकिन्सनं ती बांधली. रोज हजारो लोक तिच्यावरून जातात आणि त्यांच्या खिशात तिचं छोटं चिन्ह असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खरी मजा पाहुण्या चिन्हांची आहे. आपल्या टांकसाळी मागणीला पुऱ्या पडेनात तेव्हा भारत सरकारनं परदेशांतून नाणी पाडून आणली. १९८५च्या रुपयावर एच अक्षर दिसलं तर तो बर्मिंगहॅमहून आला. १९८८च्या पन्नास पैशांवर सी असेल तर कॅनडातल्या ओटावाहून. १९९९च्या पाच रुपयांवर एमएमडी ही अक्षरं असतील तर मॉस्कोहून. मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया, स्लोव्हाकियातलं क्रेम्निका, सगळे आपल्या गल्ल्यात येऊन गेले आहेत. क्रेम्निका हे डोंगरातलं खाणगाव नकाशावर मला पहिल्यांदा दाखवलं ते एका रुपयानं.

आणि मग चुका.

टांकसाळीत पोलादाच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, यंत्रातून फिरवून त्यांची कड उचलून घेतात आणि मग दोन ठशांमध्ये दाबतात. आधुनिक छापयंत्र मिनिटाला सातशेच्या आसपास नाणी पाडतं. त्या वेगात चकती नीट बसली नाही की चित्र एका बाजूला सरकतं आणि दुसरीकडे कोऱ्या धातूची चंद्रकोर उरते. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की कापणी आधीच्या भोकावर पडते आणि नाण्याचा लचका तोडल्यासारखा दिसतो. पाडलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला सिंह उमटतो आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा, खोल गेलेला, आरशातल्यासारखा. याला ब्रॉकेज म्हणतात. ठसा झिजून तडकला, तर त्या तडीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच शीर उठते. पोलाद कठीण, ते ठशांना लवकर थकवतं, त्यामुळे अशा शिरा शोधणाऱ्यानं डोळे उघडे ठेवलेले बरे.

घरबसल्या तपासता येईल अशी एक चूक आहे. नाणं वरून-खालून चिमटीत धरायचं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवायचं. आपल्या नाण्याची दुसरी बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरपी किंवा पार उलटी दिसली, तर छापताना ठसा सैल होऊन फिरला होता. हाच प्रयोग अमेरिकन नाण्यावर करू नका. तिथे दुसरी बाजू मुळातच उलटी असते आणि प्रत्येक नाणं खजिना वाटेल.

चूक मौल्यवान ठरायला ती टांकसाळीच्या दारातून बाहेर निसटावी लागते. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९५५चं, फिलाडेल्फियाचं. एका सेंटच्या नाण्याचा ठसा तयार करताना मूळ साच्याचा दाब दोनदा बसला आणि दुसऱ्यांदा किंचित फिरून बसला. त्यामुळे त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर अक्षरं आणि साल दुहेरी उमटलं. नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकं स्पष्ट. लक्षात आलं तोवर तशी वीस-चोवीस हजार नाणी इतर ढिगात मिसळून गेली होती. ती वेचायची म्हणजे अख्खा ढीग वितळवायचा. टांकसाळीनं विचार केला आणि ढीग सोडून दिला. त्या काळी यंत्रातून मिळणारं सिगारेटचं पाकीट तेवीस सेंटचं, लोक टाकत पंचवीस, म्हणून पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनात दोन सेंट आधीच सरकवलेले असत. यातली बरीच दुहेरी नाणी त्या वेष्टनांतून लोकांच्या हाती आली. धूम्रपानाचा फायदा झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण.

दुसरं उदाहरण १९४३चं. तांबं तोफगोळ्यांसाठी राखलेलं, म्हणून त्या वर्षीचे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे. पण आदल्या वर्षीच्या तांब्याच्या काही चकत्या यंत्राच्या कोपऱ्यात अडकून राहिल्या होत्या, त्यांच्यावर १९४३ उमटलं. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या एका शाळकरी मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या खाणावळीत परत मिळालेल्या सुट्ट्यांत असा एक सेंट सापडला. त्यानं तो आयुष्यभर जपला. २०१९ मध्ये तो २ लाख ४ हजार डॉलरला विकला गेला. ब्रिटननं २००८ मध्ये साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूला हलवलं, त्या धांदलीत वीस पेन्सच्या काही नाण्यांना जुनं तोंड आणि नवी पाठ लागली आणि साल कुठेच उरलं नाही. चूक करणाऱ्याचं नाव यांतल्या कुठल्याच गोष्टीत येत नाही. त्याला बक्षीस तर सोडाच, बहुधा बोलणी खावी लागली असतील.

आपल्याकडची गाजलेली चूक धातूची नव्हे, नजरेची. १९११च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर हत्तीचं चित्र आहे. त्याची सोंड आखूड आणि पाय बुटके, इतके की लोकांना त्यात डुक्कर दिसलं. गदारोळ झाला, नाणी परत घेतली गेली, बहुतेक वितळवली गेली आणि १९१२च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड आली. पहिला ‘डुकराचा रुपया’ म्हणून आजही ओळखला जातो.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलं की फाटक्या ताडपत्रीवर नाण्यांचे ढीग दिसतात. तिथे एक वयस्कर विक्रेते बसतात. त्यांच्यासमोर मी मोठ्या उमेदीनं माझा एक रुपया ठेवला. एका बाजूनं फुगलेला, अक्षरं विरघळल्यासारखी. त्यांनी भिंगसुद्धा उचललं नाही.

‘‘दादा, हे बिघडलेलं नाही. बिघडवलेलंय. कुणीतरी गॅसवर धरलंय.’’

मग त्यांनी मला अर्धा तास शिकवलं, गिऱ्हाइकं सांभाळत. रेल्वेच्या रुळावर चपटं केलेलं नाणं ही चूक नव्हे. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं बहुतेक वेळा जादूगाराच्या सामानातलं, त्याच्या आतल्या काठावर नखाला सांधा लागतो. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला गोल उलटा बसलेला दिसला तर आधी शंका घ्यायची, कारण गोल दाबून काढून उलटा बसवणारे हात बाजारात आहेत. पक्की खूण त्यांनी लचक्याची सांगितली. लचका खरा असेल, तर त्याच्या बरोब्बर समोरची कड पुसट असते. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नाही, तर समोरच्या बाजूला दाब कुठून मिळणार? ही खूण कानशीनं घासून लचका पाडणाऱ्याला जमत नाही. दुहेरी अक्षरांचंही तसंच. ठशातच दोष असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, उंच, पूर्ण दिसतात. छापताना नुसता धक्का बसला असेल तर अक्षराला बाजूला चपटी पायरी पडते. पहिलीला भाव, दुसरीला चहाही नाही.

‘‘लोकं येतात कशासाठी म्हणाल,’’ ते म्हणाले, ‘‘तर माता वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं घेऊन. दहा लाख कधी देताय, विचारतात.’’

ही अफवा तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. देवीचं नाणं, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, ७८६ आकड्याची नोट आणि पुढे लाखांचे आकडे. विकायला गेलं की आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात, मग ‘कर’, मग ‘कमिशन’. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह बिनदिक्कत वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशारा दिला, की जुनी नाणी-नोटांच्या अशा व्यवहारात बँक नाही, तिनं कुणाला शुल्क घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. माझं मत विचाराल, तर या अफवेनं आपल्याकडच्या छंदाचं जितकं वाटोळं केलं तितकं चांदी जाण्यानंही केलं नाही. मोठ्या संख्येनं पाडलेलं नाणं देवीचं असो की नेत्याचं, ते दुर्मीळ होत नाही. उलट दहा रुपयांच्या नाण्याच्या वाट्याला दुसरंच आलं. ते खोटं असल्याची आवई उठली, दुकानदार घेईनात आणि चौदा वेगवेगळी चित्रं असली तरी सगळी नाणी खरी आहेत, असं जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं. एकाच समाजात खरं नाणं खोटं ठरतं आणि पाच रुपये दहा लाखांचे.

चाळायला चिल्लर आणायची कुठून, हा प्रश्न उरतो. आपल्या बँकांत पुंगळ्या नसतात. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. बँकांचे नाणी वाटपाचे मेळावे होतात, तिथे कोरी नाणी मिळतात. चुका शोधायला कोरी बरी, परदेशी चिन्हं शोधायला वापरलेली. वापरलेल्यांसाठी पानवाला, पिठाची गिरणी आणि देवस्थानाची दानपेटी यांना तोड नाही. २०२३ मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानची नाणी ठेवायला बँकांना जागा पुरेना, अशा बातम्या आल्या होत्या. ते वाचून भाविकांना काय वाटलं असेल ते असो, नाणी चाळणाऱ्यांच्या मनात काय आलं ते मी सांगू शकतो.

परत भरताना आढेवेढे होतात. रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत. हो, पन्नास पैसे अजून चालतात. बाद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे, ३० जून २०११ रोजी. हे कायद्याचं झालं. रोखपालाच्या चेहऱ्यावरचं कलम वेगळं असतं, म्हणून मी किराणा दुकानदारालाच धरून आहे.

राहिला देवघरातला रुपया. अनेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक राणीछाप किंवा राजाछाप असतोच. चिल्लरीत न सापडणारी चांदी तिथे असते, किंवा असावी असा समज असतो, कारण पूजेसाठी नव्यानं पाडलेल्या प्रतिकृती सराफ्यात भरपूर मिळतात. या वर्षी ताट आवरताना तो रुपया जरा उजेडात धरा. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, झिजेमुळे थोडं कमी चालेल. कडेवर दाते एकसारखे हवेत, ओतकामाचा सांधा नको. मग साल बघा. व्हिक्टोरिया १९०१ पर्यंतच, एडवर्ड १९०३ ते १९१०, पंचम जॉर्ज १९११ पासून. राणीचं चित्र आणि साल १९०५ असेल, तर तो रुपया तुमच्या आजीनं नव्हे, अलीकडेच कुणीतरी आणलाय. १८७७ पूर्वी राणीच्या नावापुढे क्वीन, त्यानंतर एम्प्रेस. साल १८६२ असेल तर भिंग घ्या. कित्येक वर्षं टांकसाळी सालच न बदलता १८६२चेच रुपये पाडत राहिल्या आणि मुंबईनं खरं वर्ष बारीक ठिपक्यांनी नोंदवलं. ते ठिपके मोजा. साल १९४० ते १९४५ मधलं असेल तर चांदी निम्मीच धरा. आणि काही झालं तरी चिंच, लिंबू, राख लावू नका. काळपटपणा निघेल, पण मग संग्राहक त्या रुपयाकडे बघणार नाही आणि सराफ तो तराजूत टाकून वजनाचे पैसे देईल.